178 सेकंद आणि 40 तास

1954 साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात 20 वैमानिकांवर एक प्रयोग झाला. नुसत्या उपकरणांकडे बघून विमान चालवायचा सराव यांपैकी कुणालाच नव्हता. बाहेरचं दिसणं बंद केलं, ढगात शिरल्यावर होतं तसं. वीसच्या वीस जणांच्या हातून विमान सुटलं. 19 जण गोल फिरत खाली निघाले; विसाव्याने नाक इतकं वर उचललं की वेगच संपला. कुणी 20 सेकंद टिकला, कुणी 480. सरासरी 178 सेकंद. प्रयोगच होता, म्हणून निभावलं.

यात हाताचा दोष कमी, कानाचा जास्त. आतल्या कानाच्या नलिकांमधला द्रव वळण सुरू होताना हलतो आणि मेंदूला वर्दी जाते. पण वळण एकसारखं चालू राहिलं, तर 10-20 सेकंदांत तो द्रव नलिकेच्याच गतीने फिरू लागतो आणि वैमानिकाला वाटतं, आपण सरळ चाललोय. सेकंदाला 2 अंशांहून मंद वळण तर बहुधा कळतच नाही. ढगातलं नेहमीचं वळण असतं सेकंदाला 3 अंशांचं, म्हणजे त्याच्या जेमतेम वर!

म्हणून अमेरिकेत खाजगी परवान्यासाठीसुद्धा 3 तास उपकरणांवर उडावं लागतं. तेवढ्यावर ढगात शिरायची मुभा नाही. त्यासाठी इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे उपकरणांवर उडायची वेगळी परवानगी लागते. त्याच्या साधारण नियमाप्रमाणे असे किमान 40 तास, खऱ्या ढगात किंवा डोळ्यांवर आडोसा लावून. 40 तास म्हणजे 1,44,000 सेकंद, त्या 178 च्या आठशेपट. एवढं करूनही कान सुधारत नाही. तो सांगेल ते ऐकायचं नाही, एवढंच अंगवळणी पडतं. या रेटिंगच्या परीक्षेत एरवीच्या उड्डाणात उंची 100 फुटांपलीकडे आणि दिशा 10 अंशांपलीकडे ढळलेली चालत नाही.

मग ऐकायचं कुणाचं? उपकरणांचं, उदाहरणार्थ जीपीएसचं. त्याचे उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवर आहेत. त्यांचा संदेश विमानाच्या अँटेनापर्यंत पोचतो तेव्हा त्यात किती जोर उरलेला असतो? एका वॅटचे एक कोटी भाग करा, त्यातल्या एका भागाचे पुन्हा शंभर कोटी, साधारण तेवढा. वर आइन्स्टाइनच्या सापेक्षतेचा हिशेब आहेच. उपग्रहावरचं घड्याळ जमिनीवरच्या घड्याळाच्या दिवसाला 38 मायक्रोसेकंद पुढे जातं. या फरकाची दुरुस्ती केली नाही, तर चूक दिवसाला दहा-अकरा किलोमीटरने वाढत जाईल.

खरी कसोटी शेवटच्या टप्प्यात. आयएलएस, म्हणजे रेडिओ लहरींनी धावपट्टीकडे नेणारी यंत्रणा; तिच्या 3 अंशांच्या उतारावरून, 90 नॉट वेगाने छोटं विमान सेकंदाला जेमतेम 8 फूट खाली येतं. नेहमीच्या पद्धतीत निर्णयाची उंची धावपट्टीपासून 200 फूट. तिथे उताराची सुई पार टोकाला गेली, तर विमान सुमारे 47 फूट वर किंवा खाली असतं; छोट्या विमानाच्या पंखांचा एकूण विस्तार साधारण 36 फूट असतो, यावरून अंदाज यावा. जमीन फक्त 25 सेकंदांवर. धावपट्टीचे दिवे दिसले तर उतरायचं, नाहीतर पूर्ण शक्ती देऊन वर. आणखी थोडं खाली जाऊन बघू, हा मोह ज्याला आवरत नाही त्याने या भानगडीत पडूच नये.

रेटिंगला मुदत नसते, ते वापरायच्या हक्काला असते. मागच्या 6 महिन्यांत उपकरणांवर असे 6 अप्रोच, म्हणजे धावपट्टीकडे उतरत येण्याचे प्रयत्न, केले नसतील, तर कागद खिशात असूनही ढगात शिरायला बंदी.