‘डिफेंडर’ आजही भल्याभल्यांना का हरवतो?

रेट्रो गेमर मंडळी जमली की १९८१च्या ‘डिफेंडर’चा विषय निघतोच. यूजीन जार्व्हिस यांनी विल्यम्स कंपनीसाठी बनवलेल्या या आर्केड गेममध्ये नवख्याचं यान झटपट फुटतं. असं का?

हात कमी, बटणं जास्त : वर-खाली जायला दांडा, वेग, दिशाबदल, गोळीबार, स्मार्ट बॉम्ब आणि हायपरस्पेसला पाच वेगळी बटणं.

नुसतं मारून भागत नाही : लँडर खालच्या १० माणसांना पळवतात. सगळी गेली, तर ग्रहच फुटतो आणि लँडरचे चवताळलेले म्युटंट होतात.

टिकायचं कसं? मुरलेले खेळाडू वरच्या स्कॅनरवर नजर ठेवतात. लँडर पाडल्यावर उंचावरून पडणारा माणूस झेलावा लागतो. हायपरस्पेस मात्र शेवटचा उपाय. त्यात यान फुटूही शकतं.

स्वतः वाचायचं की माणूस वाचवायचा? खरी कसोटी तिथेच.