शॉपफ्लोअरवरचा बोलका फळा

भोसरी, चाकण, वाळूज किंवा कोल्हापूरजवळच्या शिरोलीतल्या मशीन शॉपमध्ये वर्षानुवर्षे एक पांढरा फळा असे. सुपरवायझर दर तासाला त्यावर टार्गेट आणि निघालेले जॉब लिहायचा. आता अनेक ठिकाणी त्या जागी मोठा पडदा आला आहे. प्रत्येक सीएनसी म्हणजे संगणक-नियंत्रित मशीनसाठी एक चौकट, चौकटीत मशीनची स्थिती, जॉबची संख्या आणि मशीन थांबले असेल तर त्याचे कारण.

या पडद्याची मुळे 1924 सालात सापडतात. जपानमध्ये साकिची टोयोडा यांचा ‘जी’ प्रकारचा स्वयंचलित माग त्याच वर्षी तयार झाला. धागा तुटला की तो आपणहून थांबत असे. अमेरिकेत वेस्टर्न इलेक्ट्रिकमध्ये काम करणाऱ्या वॉल्टर शूहार्ट यांनी 16 मे 1924 रोजी वरिष्ठांना एक टिपण दिले. त्यात पहिला कंट्रोल चार्ट, म्हणजे प्रक्रियेचे चढउतार मर्यादारेषांसह दाखवणारा आलेख होता. मागाने बिघाड झाल्याक्षणी सांगायचे शिकवले आणि चार्टने बिघाड येण्याआधी ओळखायचे. पुढे टोयोटाच्या कारखान्यांत अँडॉन आला. कामगाराने दोरी ओढली की त्याच्या जागेचा दिवा लागतो आणि मदत धावून येते.

आजच्या पडद्याला माहिती पुरवण्याचे मार्ग अनेक आहेत. नव्या सीएनसीचा कंट्रोलर स्पिंडलचा लोड, फीड, अलार्म थेट नेटवर्कवर देतो. यासाठी एमटीकनेक्ट आणि ओपीसी यूए ही खुली मानके आहेत. जुन्या लेथला असा कंट्रोलर नसतो; तिथे मोटरच्या केबलभोवती करंट ट्रान्सफॉर्मर बसवला किंवा टॉवर लॅम्पचा सिग्नल घेतला, तरी मशीन चालू आहे की उभे, एवढे नक्की कळते.

पडद्यावर सगळ्यात ठळक दिसतो तो ओईई, म्हणजे मशीनच्या एकूण परिणामकारकतेचा आकडा. समजा, शिफ्टमध्ये कामाची 450 मिनिटे आहेत आणि मशीन 360 मिनिटे चालले: उपलब्धता 80 टक्के. दोन मिनिटांना एक या हिशेबाने 180 जॉब निघायला हवे होते, निघाले 162: वेग 90 टक्के. त्यातले 154 चांगले: दर्जा सुमारे 95 टक्के. तिन्हींचा गुणाकार साधारण 68 टक्के येतो. मात्र 68 हा आकडा एकटा काहीच शिकवत नाही. उभ्या राहिलेल्या 90 मिनिटांत सेटिंगला किती गेली, कच्च्या मालाची वाट पाहण्यात किती, टूल बदलण्यात किती, हे उतरत्या क्रमाच्या पट्ट्यांत मांडले की उद्या कशाला हात घालायचा ते कळते.

शूहार्ट यांचा चार्टही इथे रोज कामाला येतो. टर्निंगमध्ये इन्सर्ट झिजत जातो तसा जॉबचा बाहेरचा व्यास हळूहळू वाढतो. ड्रॉइंगमधली टॉलरन्स ग्राहकाने ठरवलेली असते. चार्टवरच्या मर्यादा मात्र प्रक्रियेच्या स्वतःच्या चढउतारातून काढल्या जातात. सलग आठ बिंदू मध्यरेषेच्या एकाच बाजूला पडले, तर एकही जॉब रिजेक्ट झालेला नसताना ऑपरेटर ऑफसेट दुरुस्त करू शकतो.

पडद्यावर मशीनचे कंपनही दाखवता येते, पण त्याची गोष्ट आणखी बारीक आहे. तापमान मिनिटाला एकदा मोजले तरी चालते. बेअरिंगचे आरोग्य जाणायला कंपन सेकंदाला हजारो वेळा मोजावे लागते. मिनिटाची सरासरी काढली की नेमकी खूण पुसली जाते. म्हणून कंपनाचा आलेख वारंवारितेनुसार मांडतात. 1500 आरपीएमने फिरणाऱ्या शाफ्टचा तोल बिघडला असेल, तर 25 हर्ट्झवर उंच सुळका दिसतो.

पडद्यावरच्या मांडणीचे काही नियम अनुभवातून पक्के झाले आहेत. पार्श्वभूमी फिकी राखाडी असावी आणि भडक रंग फक्त बिघाडासाठी राखून ठेवावा. सगळेच चमकू लागले की नजर कुठेच थांबत नाही. लाल-हिरव्यातला फरक न दिसणारे लोकही शॉपफ्लोअरवर असतात, म्हणून रंगासोबत शब्द हवा: ‘चालू’, ‘उभे’, ‘अलार्म’. आणि तो मराठीत हवा.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हा पडदा कोणासाठी आहे, हा प्रश्न. त्यावरचा आकडा ऑपरेटरला धारेवर धरण्यासाठी वापरला गेला, तर थांबण्याची खरी कारणे भरली जाणार नाहीत. प्रत्येक खोळंब्यापुढे ‘इतर’ लिहिले जाईल आणि महागडी यंत्रणा खोटे दाखवत राहील. मशीनसमोर उभ्या असलेल्या माणसाला आपली अडचण वरपर्यंत पोचते आणि सुटते, हा भरवसा वाटला, तरच ती माहिती खरी राहते.

म्हणून लघुउद्योजकांना आग्रहाने सांगणे आहे: पन्नास सेन्सर घेण्याआधी सर्वांत जास्त खोळंबणारे एकच मशीन निवडा. ते का थांबते, एवढाच प्रश्न पडद्यावर मांडा आणि कारणांची यादी ऑपरेटरला सोबत बसवून तयार करा. त्या यादीतले पहिले कारण दूर झाले की मगच दुसऱ्या मशीनकडे वळा.