शीतपंपातील तापमानमापन

शीतपंपातील तापमानमापन : अतिशीत पृष्ठभागांवर वायू गोठवून अथवा अधिशोषित करून (पृष्ठभागावर धरून ठेवून) उच्च निर्वात निर्माण करणाऱ्या पंपास शीतपंप म्हणतात. त्यातील हीलियम प्रशीतन यंत्रास सामान्यतः दोन टप्पे असतात. पहिल्यावर (सु. ५०–८० केल्व्हिन) पाण्याची वाफ गोठते. दुसऱ्यावर (सु. १०–२० के.) नायट्रोजन, ऑक्सिजन व आर्‌गॉन गोठतात, तर हायड्रोजन, निऑन व हीलियम तेथील सक्रियित कोळशावर अधिशोषित होतात. हा टप्पा तापल्यास प्रथम हायड्रोजन सुटतो व निर्वात बिघडतो. साठलेले वायू एकदम मुक्त झाल्यास दाब धोकादायक प्रमाणात वाढतो. म्हणून पंपास सुरक्षा झडप असते. यास्तव तापमापकाचे वाचन विश्वसनीय असणे आवश्यक असते.

दुसऱ्या टप्प्यावर बहुधा सिलिकॉन डायोड बसवितात. त्यातून १० मायक्रोअँपिअर इतका स्थिर प्रवाह पाठवितात. तापमान उतरते तसा त्यावरील विद्युत् दाब वाढतो : प्रचलित प्रकारात ३०० के.ला तो सु. ०.५६, ७७ के.ला १.०३ व १० के.ला १.३८ व्होल्ट असतो. त्यामुळे तार तुटल्यास दर्शक मापनकक्षेबाहेरील नीच तापमान सुचवितो; तारा एकमेकींस चिकटल्यास उलट घडते. डायोड सैल बसल्यास अथवा त्याच्या तारा शीत पृष्ठभागास नीट टेकविलेल्या नसल्यास बाहेरून येणाऱ्या उष्णतेमुळे वाचन प्रत्यक्षाहून जास्त येते. तारांत प्रत्यावर्ती प्रवाहाचा उपद्रव शिरल्यासही तसेच होते. दर्शकात दुसऱ्याच डायोडाचा अंशन वक्र योजिला असल्यास सर्वच वाचने चुकतात.

वाचन चढल्यास प्रथम निर्वातमापक पाहतात. तापमान ३० के. दिसत असूनही हायड्रोजनाचा दाब वाढला नसेल, तर संशय तापमापकावर येतो. दाबही वाढला असेल, तर कोठी व पंप यांमधील झडप बंद करतात. त्यानंतर तापमान उतरल्यास दोष कोठीतील गळती अथवा जादा उष्णताभार यांत असतो. न उतरल्यास पंपातच असतो. दोन्ही टप्पे तापले असल्यास संपीडकातील हीलियमाचा दाब व शुद्धता तपासतात. पंप कोठीच्या तापमानास आणल्यावर डायोडाचे वाचन साध्या तापमापकाशी जुळते की नाही, हेही पाहतात. मात्र ते जुळले, तरी नीच तापमानाचे वाचन अचूक असेलच असे नाही.