सवागीची पुडी

आमच्या कडेगावकडची, खानापूर-आटपाडीकडची कितीतरी माणसं गलाईच्या धंद्यासाठी, म्हणजे सोनं-चांदी गाळण्यासाठी, देशभर पांगली आहेत. आमच्या शेजारच्या वहिनींचे यजमान त्यांतलेच. दिवाळीला गावी आले की त्यांच्या सामानात सवागीची पुडी हटकून असते. सवागी म्हणजेच टाकणखार.

मुशीत सोनं आटवताना चिमूटभर सवागी टाकतात. सोनं वितळायला १०६४ अंश सेल्सिअस उष्णता लागते, सवागी त्याआधीच, ७४३ अंशांच्या सुमारास पातळ होते. इतर धातूंचा जळका मळ ती आपल्यात विरघळवून घेते आणि काचेसारखी वर तरंगते. खाली उरतं लख्ख सोनं!

हा गुण तिच्यातल्या बोरॉन या मूलद्रव्याचा. १८०८ साली इंग्लंडमध्ये डेव्ही यांनी आणि फ्रान्समध्ये गे-ल्युसाक व थेनार यांनी ते वेगळं काढलं. आपल्या घरात ते कुठे कुठे आहे बघा. कॅरमवर भुरभुरायची बोरिक पावडर, शाळेतल्या परीक्षानळीची उष्णता सोसणारी काच, सगळीकडे बोरॉन. द्राक्षबागेलासुद्धा ते लागतं, पण अगदी किंचित. जास्त झालं की पानं करपतात.

हे 'जास्त' मला माझ्या थोरल्याच्या वेळी कळलं. तीन महिन्यांचा होता, तोंड आलं. घरात पुडी होतीच. तव्यावर सवागीची लाही फुलवली, मधात कालवली आणि दिवसातून चार-पाचदा जिभेला लावली. आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या हेच करत आले ना! तिसऱ्या दिवशी उलट्या, जुलाब, बाळ मलूल. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, "तोंडात काय लावलंत?" माझ्या पायांखालची जमीन सरकली. देवाची कृपा, पोर सावरलं.

बोरॉनचा क्षार बाळाच्या अंगातून लवकर बाहेर पडत नाही, साठत जातो. चोखणीला मध-टाकणखार लावल्यामुळे झटके येऊ लागलेल्या सात तान्ह्या बाळांची हकीकत १९८३ साली परदेशी डॉक्टरांनी छापली आहे. ते बंद केल्यावर झटकेही थांबले.

तेव्हा एवढं कराच. बाळाच्या तोंडात पांढरे चट्टे दिसले तर डॉक्टरांना दाखवा. वर्षाच्या आतल्या बाळाला नुसता मधही नको. बोरिक पावडर लंगोटाखाली, सोललेल्या कातडीवर लावू नका.

मग पावडर टाकून द्यायची का? छे! कणीक आणि बोरिक पावडर सारखी घ्या, थोडी साखर घाला, दुधात मळून बारीक गोळ्या करा. ओट्यामागे, फटींत ठेवा. आठवड्याभरात झुरळं कमी होतात. मात्र मुलांचा हात पोचेल तिथे गोळी नको, आणि मळलेलं भांडं स्वयंपाकाला वापरू नका. डबीवर मोठ्या अक्षरांत 'विष' लिहा.

वहिनी यंदाही पुडी देतील. मी घेईन, पण ती ठेवीन कुलुपात.