विहंगावलोकन आणि सिंहावलोकन

पाहण्याचे दोन प्रकार आपल्या भाषेने मोठ्या नेमकेपणाने सांगून ठेवले आहेत. आकाशात तरंगणाऱ्या पक्ष्याप्रमाणे सारा प्रदेश एका दृष्टिक्षेपात न्याहाळणे ते विहंगावलोकन; आणि चार पावले पुढे गेल्यावर वनराजाने मान वळवून मागे टाकलेली नजर ते सिंहावलोकन. हे दोन्ही शब्द आजवर आम्ही ग्रंथपरीक्षणांत आणि संस्थांच्या वार्षिक अहवालांत वापरीत आलो. मोटार उभी करण्यासारख्या नित्याच्या व्यवहारात त्यांचा अर्थ नव्याने समजून घ्यावा लागेल, असे आमच्या स्वप्नातही नव्हते. तो प्रसंग गेल्या उत्तरायणाला बडोद्यात आला.

सरकारदरबारी या शहराचे नाव वडोदरा झाले असले, तरी मराठी माणसाच्या तोंडी ते बडोदेच राहिले आहे. गायकवाडांच्या आश्रयाने आलेल्या मराठी कुटुंबांच्या पिढ्यान्‌पिढ्या दांडिया बाजार, रावपुरा या भागांत नांदल्या. घरात मराठी आणि ओट्यावर गुजराती, अशी तेथील रीत. सुरसागराच्या पलीकडे गेले की जुने शहर लागते. पश्चिमेला लहरीपुरा, पूर्वेला पाणीगेट, उत्तरेला चांपानेर आणि दक्षिणेला गेंडीगेट असे चार दरवाजे, आणि त्यांच्या मधोमध मांडवी. तेथील पोळांची आणि गल्ल्यांची रुंदी घोडा, टांगा आणि पालखी यांच्या मापाने ठरलेली. आज त्याच मापात मोटार बसवायची असल्याने गाडी चालविण्यापेक्षा ती उभी करणे हेच तेथे कौशल्याचे काम झाले आहे.

दांडिया बाजारात राहणाऱ्या आमच्या एका स्नेह्यांनी नुकतीच नवी गाडी घेतली होती. ती वाड्याच्या बोळात मागे घेताना समोरच्या पडद्यावर जणू छतावरून पाहावे तसे गाडीचे आणि भोवतालच्या जमिनीचे चित्र उमटे. भिंत कोठे, गटाराची कड कोठे, शेजाऱ्यांची दुचाकी कोठे, सारे स्पष्ट. "आता मागे उभे राहून 'आववा दो, आववा दो' म्हणणाऱ्याची गरज उरली नाही," असे ते कौतुकाने म्हणाले, आणि आम्हीही मान डोलावली.

संक्रांतीची दुपार होती. गच्च्यागच्च्यांवरून "काय पो छे!" चा गजर चालला होता आणि कटलेल्या पतंगांमागे पोरे धावत होती. पोरांचे डोळे आकाशाकडे; आणि आकाशातून पाहिल्यासारखे दिसणाऱ्या त्या पडद्याकडे आम्हा दोघांचे डोळे. जमिनीकडे पाहणारे कोणीच नव्हते. भिंत जवळ असल्याने इशाऱ्याची पिपाणी सारखी वाजत होती, म्हणून स्नेह्यांनी तिचा आवाज बंद केला होता. गाडी कासवगतीने मागे सरकत असता समोरच्या ओट्यावर बसलेल्या, ऐंशीच्या घरातल्या एका आजींनी हाळी दिली : "अरे थांब! पोरगं आहे मागे!" स्नेह्यांनी ब्रेक दाबला. खाली उतरून पाहतो तो मागच्या उजव्या कोपऱ्याशी पाच-सहा वर्षांचा एक मुलगा उकिडवा बसून दोऱ्याचा गुंता सोडवीत होता. त्याच्यात आणि गाडीत हातभर अंतर उरले होते. तो आमच्याकडे पाहून हसला आणि पतंग उचलून पळाला. स्नेही बराच वेळ गप्प होते. मग एवढेच म्हणाले, "पडद्यावर तर काहीच नव्हते."

काहीच नव्हते असे नाही. पडद्यावर त्या कोपऱ्यात एक पुसटशी निळी रेघ होती. ती आम्ही दोघांनीही पाहिली होती, आणि ते मूल आहे हे आम्हा दोघांनाही कळले नव्हते. गाडीचे नाव सांगण्याचे येथे कारण नाही. कारण प्रश्न एका गाडीचा नाही, पाहणाऱ्याच्या समजुतीचा आहे. ही सोय आता घरोघर येऊ घातली आहे. गाडीभोवतीचे असे चित्र दाखविणारी रचना निस्सान या जपानी कंपनीने २००७ साली प्रथम बाजारात आणली. बडोद्याजवळच्या हालोल येथील ज्या कारखान्यात १९९६ पासून २०१७ पर्यंत जनरल मोटर्सच्या गाड्या तयार होत, तेथूनच २०१९ साली एमजी हेक्टर ही चार कॅमेऱ्यांची सोय असलेली गाडी बाहेर पडली. २०२२ साली मारुतीच्या बलेनोसारख्या मध्यमवर्गीय कुटुंबाच्या गाडीतही ती आली. पंधरा वर्षांत श्रीमंतांच्या दारातून ही दृष्टी आपल्या दारात आली, तेव्हा ती काय पाहते आणि काय पाहत नाही, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

बडोद्याच्या जुन्या शहराचीच उपमा घेऊ. चार दरवाजांवर चार पहारेकरी बसवावेत आणि त्यांच्या वृत्तान्तांवरून मांडवीत बसलेल्या कारकुनाने शहराचा नकाशा काढावा, तसा हा प्रकार आहे. एक कॅमेरा गाडीच्या नाकावर, एक पाठीवर आणि दोन बाजूंच्या आरशांखाली. या प्रत्येकाचे भिंग माशाच्या डोळ्यासारखे बटबटीत असते. त्यामुळे त्याला पुष्कळ दिसते, पण वाकडे दिसते. गाडीतला संगणक ते वाकडेपण काढतो, चारही चित्रे जमिनीवर अंथरल्यासारखी सपाट करतो आणि कडांना कडा जोडून एक गोधडी शिवतो. मधोमध दिसणारी गाडी म्हणजे तर केवळ काढून ठेवलेले चित्र. गाडीच्या डोक्यावर कोणताही कॅमेरा नसतो. ज्याला आपण विहंगावलोकन समजतो ते कोणत्याही विहंगाने पाहिलेले नसते. चार जणांच्या सांगण्यावरून कारकुनाने रचलेले असते.

गोधडीला जेथे टाके असतात, तेथेच तिचे दुबळेपण असते. दोन कॅमेऱ्यांची चित्रे जुळतात ती गाडीच्या चार कोपऱ्यांपाशी. तेथे बुटकी वस्तू अर्धी दिसते, कधी दुहेरी दिसते, कधी एखाद्या रेघेएवढी उरते. दुसरे असे की, हा संगणक सारे जग सपाट आहे असे धरून चालतो. जमिनीवर रंगविलेला पट्टा तो अचूक दाखवतो. पण ज्याला उंची आहे, असे माणूस, खांब वा झाड त्याच्या हिशेबात लांबट होऊन बाहेरच्या बाजूस कलते. टेम्पोच्या मागे बाहेर आलेल्या लोखंडी सळया तर आहेत त्याहून दूर भासतात. वर झुकलेली फांदी किंवा सज्जा वरच्या चित्रात कळतही नाही. म्हणजे चाकाला धोका असेल तर हे चित्र उत्तम साक्षीदार आहे. काचेला, टपाला किंवा माणसाला असेल तर त्याची साक्ष अपुरी आहे.

म्हणून वापराची रीत समजली पाहिजे. गाडीत बसण्यापूर्वी तिच्याभोवती एक फेरी मारावी. देवळात गेल्यावर न चुकता प्रदक्षिणा घालणाऱ्या समाजाला आपल्या दारातल्या गाडीभोवतीची प्रदक्षिणा जड वाटू नये. त्या फेरीतच ओल्या मऊ फडक्याने चारही भिंगे पुसावीत. दारे नीट लावलेली आणि आरसे उघडलेले असावेत. कारण बाजूचे कॅमेरे आरशांखालीच असतात, आरसा मिटला की त्यांची दिशा बदलते आणि नकाशा खोटा ठरतो. गाडीला ठोकर लागून बंपर वा आरसा बदलला असेल, तर कॅमेऱ्यांची जुळणी पुन्हा करून घ्यावी.

मागचा गिअर टाकल्यावर चित्र स्थिर होईपर्यंत क्षणभर थांबावे. वरून दिसणाऱ्या चित्रावरून जागा पुरते की नाही ते ठरवावे, आणि वस्तूंच्या उंचीसाठी मागच्या कॅमेऱ्याचे सरळ चित्र पाहावे. सुकाणूबरोबर वळणाऱ्या रेषा चाके कोठे जातील ते सांगतात. त्या वाटेत आणखी दोन क्षणांनी कोण येईल ते त्यांना ठाऊक नसते. वेग पायी चालणाऱ्याहून कमी असावा आणि पाय ब्रेकवर तयार असावा. नजर पडद्यावर खिळवून न ठेवता पडदा, दोन्ही आरसे आणि मान वळवून मागची काच, अशी फिरती ठेवावी. इशाऱ्याचा आवाज कितीही कर्कश वाटला तरी बंद करू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे : मघाशी दिसलेले माणूस आता दिसेनासे झाले, तर ते निघून गेले असे न समजता ते जवळ आले असे समजावे, आणि थांबून खाली उतरावे.

हे सारे आम्ही का लिहितो? गाडीला ओरखडा पडू नये म्हणून खचित नव्हे. ओरखडा रंगाने बुजतो. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने २०१४ साली मागच्या कॅमेऱ्याचा नियम जाहीर केला, तेव्हा त्या देशात मागे येणाऱ्या वाहनांखाली दरवर्षी सरासरी २१० माणसे मरतात आणि १५,००० जखमी होतात, असा हिशेब मांडला होता. मृतांपैकी ३१ टक्के मुले पाच वर्षांखालची आणि २६ टक्के माणसे सत्तरी गाठलेली वा ओलांडलेली. या नियमाच्या मुळाशी जो कायदा होता, त्याला एका दोन वर्षांच्या बालकाचे नाव दिलेले आहे. घराच्या आवारात त्याच्या स्वतःच्या वडिलांनी मागे घेतलेल्या गाडीखाली ते सापडले होते. वडील बेपर्वा नव्हते; त्यांना ते दिसलेच नव्हते. मे २०१८ पासून तेथील प्रत्येक नव्या मोटारीला मागच्या दहा फूट रुंद आणि वीस फूट लांब पट्ट्याचे चित्र चालकाला दाखवावेच लागते.

आपल्याकडे १ जुलै २०१९ पासून तयार होणाऱ्या मोटारींना मागे घेताना इशारा देणारी व्यवस्था सक्तीची झाली, हे योग्यच झाले. परंतु पुष्कळ गाड्यांत मागे केवळ सेन्सरच असतात. त्यांना काहीतरी आहे एवढे कळते. ते भिंत आहे की मूल, हे कळत नाही. चहूबाजूंचे चित्र तर बहुधा गाडीच्या महागड्या प्रतीतच मिळते, जशी काही ती चामड्याच्या आसनांच्या जातीची चैन आहे. चारही कॅमेरे प्रत्येक गाडीला हवेत असा हट्ट आम्ही धरीत नाही. पण मागचा एक कॅमेरा तरी स्वस्तातल्या स्वस्त गाडीत सक्तीचा असावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. अंगणात खेळणाऱ्या मुलाला समोरची गाडी वरच्या प्रतीची आहे की खालच्या, हे निवडता येत नाही.

आमच्या किनारपट्टीच्या वाचकांना हा प्रश्न दूरचा वाटू नये. गणेशचतुर्थी आली की चाकरमान्यांच्या गाड्या गावोगाव येतात. जांभ्या दगडाच्या दोन गडग्यांमधली पाणंद ही काही पोळाहून रुंद नसते. पावसाची झड लागलेली, तांबड्या मातीचा चिखल थेट भिंगावर उडालेला, दिवेलागणीची वेळ, आणि खळ्यात आरतीसाठी जमलेली सगळ्या घरांची मुले. वर्षभर शहरातल्या आखीव जागेत गाडी लावण्याची सवय झालेला चालक अशा वेळी चिखलाने माखलेल्या पडद्यावर विसंबला, तर सणाचे सुतक व्हायला एक क्षण पुरेल. एस.टी. मागे घेताना वाहक खाली उतरून शिट्टी वाजवतो, ती काही शोभेसाठी नव्हे. आपल्या गाडीतही चार-पाच धडधाकट माणसे बसलेली असतात. त्यांतल्या एकाने पावसात उतरून मुलांना ओट्यावर घ्यावे आणि मग "येऊ द्या" म्हणावे, यात कमीपणा तो कोणता?

यंत्राला नावे ठेवणे सोपे आहे. आम्ही ती ठेवीत नाही. मानवी मानेला जे कधीच दिसले नसते ते हे कॅमेरे दाखवतात आणि त्यांनी कित्येक अनर्थ टाळले असतील. पण महाभारतात संजयाला दिव्य दृष्टी लाभली, म्हणून धृतराष्ट्राचे दायित्व सरले नाही. वृत्तान्त सांगणे हे संजयाचे काम होते. ऐकून वेळीच थांबणे हे राजाचे. चालकाच्या आसनावर बसलेल्या प्रत्येकाने आपण यांपैकी कोण, हे ओळखावे. विहंगावलोकन यंत्राने करावे. सिंहावलोकन मात्र ज्याचे त्यानेच केले पाहिजे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमचे स्नेही आम्हांस स्टेशनवर सोडण्यास निघाले. गाडीत बसण्यापूर्वी त्यांनी रुमाल ओला करून चारही भिंगे पुसली, गाडीभोवती फेरी घातली, मागच्या कोपऱ्याशी वाकून पाहिले. मग समोरच्या ओट्याकडे वळून विचारले, "आजी, काढू का?" आजींनी बोळाच्या दोन्ही टोकांना निरखून पाहिले आणि म्हणाल्या, "काढ आता."