बुलबारची जडणघडण : पोलादी बंपरमधून जोर कुठे जातो?

ऑस्ट्रेलियाच्या विरळ वस्तीच्या अंतर्भागाला तिथले लोक ‘आउटबॅक’ म्हणतात. दोन वस्त्यांमध्ये शंभर-दोनशे किलोमीटरचे अंतर तिथे नित्याचे. रस्त्याकडेला बहुतेक ठिकाणी कुंपण नसते, आणि पहाटे किंवा तिन्हीसांजेला कांगारू चरायला बाहेर पडतात. तांबड्या कांगारूचा पूर्ण वाढलेला नर ९० किलोंपर्यंत भरतो. भरधाव पिकअप ट्रकपुढे तो आडवा आला, तर प्लास्टिकच्या बंपरबरोबर मागचा रेडिएटरही फुटू शकतो. पाणी वाहून गेले की इंजिन चालवता येत नाही. मग भर उन्हात, जवळच्या मोजक्या पाण्यावर, मदतीची वाट पाहत बसायचे.

या गरजेतून तिथे गाड्यांच्या तोंडावर पोलादी ‘बुलबार’ आला. टोनी ब्राउन यांनी १९७५ मध्ये मेलबर्नमध्ये सुरू केलेली ‘एआरबी’ ही कंपनी आज त्यासाठी जगभर ओळखली जाते. तयार बुलबार मिळत असूनही आपल्या गाडीच्या मापाचा बंपर घडवून घेणारे हौशी कमी नाहीत. जाडजूड पोलाद पाहून लोक दबकतात खरे, पण या वस्तूची सगळी मदार असते ती मागच्या दोन जोडांवर.

कारखान्याचा बंपर उतरवला की चासीची, म्हणजे गाडीच्या खालच्या पोलादी सांगाड्याची, दोन टोके उघडी पडतात. नव्या बंपरवर जो काही जोर येईल, तो याच दोन टोकांतून गाडीत शिरणार. म्हणून माप तिथूनच सुरू होते. आधी पुठ्ठा कापून, दुमडून, चिकटपट्टी लावून पूर्ण नमुना गाडीवर बसवून पाहतात. दिवे, रेडिएटरला लागणारी हवा, चाक पूर्ण वळल्यावर लागणारी जागा हे सारे पुठ्ठ्यावरच ठरते. मग त्याबरहुकूम ४-५ मिलिमीटर जाडीची प्लेट कापली जाते. ५ मिलिमीटर जाडीची एक चौरस मीटर पोलादी प्लेट ३९ किलोंची असते. त्यामुळे जाडी वाढवण्याऐवजी कारागीर प्लेटला घड्या घालतो आणि आतून त्रिकोणी आधार देतो. सपाट पत्रा सहज वाकतो; तोच घडी घातल्यावर ताठ उभा राहतो.

वेल्डिंगची खरी परीक्षा पुढे असते. तापलेला सांधा थंड होताना आकसतो आणि प्लेटला आपल्याकडे ओढतो. एका टोकापासून सरळ वेल्ड मारत गेले, तर बंपर पिळवटतो आणि बोल्टची भोके जुळत नाहीत. म्हणून आधी ठिकठिकाणी नुसते टॅक, म्हणजे वेल्डचे छोटे टाके, मारतात, गुण्या लावून कोन तपासतात, बंपर गाडीवर चढवून पाहतात आणि मग थोडे डावीकडे, थोडे उजवीकडे असे आलटून पालटून वेल्ड भरतात. गाडीवरच टॅक मारायचा असेल, तर आधी बॅटरीच्या तारा सोडतात, नाहीतर इलेक्ट्रॉनिक यंत्रणा जळण्याचा धोका असतो. शेवटी ग्राइंडर फिरवून पावडर कोटिंग होते, साधारण २०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत.

बसवताना बंपर आणि बॉडी यांच्यात बोटभर फट मुद्दाम ठेवतात. नवख्याला ती कामातली कसर वाटते. पण अशा ट्रकची बॉडी रबरी बुशांवर टेकलेली असते आणि खडबडीत वाटेवर चासीपेक्षा वेगळी हलते. बंपर मात्र थेट चासीला जखडलेला. फट नसेल, तर दोन्ही एकमेकांना घासून रंग आणि पत्रा खराब करतात.

बंपरमध्ये विंच, म्हणजे दोर गुंडाळून अडकलेली गाडी ओढून काढणारे यंत्र, बसवायची असेल, तर जोडांचे काम आणखी वाढते. अमेरिकेतल्या वॉर्न कंपनीने १९५९ मध्ये हौशी गाड्यांसाठी विजेवर चालणारी विंच आणली. विंचची ताकद गाडीच्या भारासहित वजनाच्या किमान दीडपट असावी, असा रूढ ठोकताळा आहे. १२,००० पौंडांची विंच म्हणजे सुमारे ५,४०० किलोंची ओढ, आणि ती सगळी मोजक्या बोल्टांतून चासीपर्यंत पोचते.

वजनाचा हिशेबही फसवा आहे. पुढच्या आसापासून ०.९ मीटर पुढे १०० किलोंचा बंपर टांगला आणि दोन आसांमधले अंतर ३ मीटर असले, तर पुढच्या आसावर १०० नव्हे, १३० किलो वाढतात आणि मागचा आस ३० किलोंनी हलका होतो. म्हणून अनेकदा पुढच्या स्प्रिंगही बदलाव्या लागतात.

सर्वांत नाजूक प्रश्न धडकेचा. मर्सिडीजमधले अभियंते बेला बारेनी यांच्या कल्पनेतून, स्वतः चुरगळून धडक शोषणारा गाडीचा पुढचा भाग १९५९ पासून प्रत्यक्षात आला. एअरबॅगचे सेन्सरही वेग किती झपाट्याने घटतो यावरून निर्णय घेतात. अतिताठ बंपर हे गणित बिघडवू शकतो. त्यामुळे जाणते उत्पादक जोडाच्या ब्रॅकेटमध्येच ठरावीक जोराला दुमडणारा भाग ठेवतात आणि चाचण्या घेतात. ऑस्ट्रेलियात यासाठी २००२ पासून स्वतंत्र मानक आहे. घरगुती वेल्डिंगला अशी चाचणी कुठली मिळणार?

भारतात केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना पत्र पाठवून गाड्यांवरील अनधिकृत बुलबार आणि क्रॅश गार्डवर कारवाई करण्यास सांगितले. असे बुलबार बसवणे हा मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ चा भंग ठरतो. पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवर गाडीपुढे कांगारू येत नाही. पादचारी येतो, सायकलवाला येतो, दुचाकीस्वार येतो. त्यांच्या दृष्टीने दबणारा, फुटणारा प्लास्टिकचा बंपरच बरा. गाडीच्या तोंडावर पोलाद चढवण्याआधी म्हणूनच दोन प्रश्न विचारायला हवेत : समोरून येऊन काय आदळणार आहे, आणि त्या धडकेचा जोर शेवटी कोणाच्या अंगावर जाणार आहे?