मळ्यातल्या खोलीत वाय-फाय

दोस्तांनो, आज आधी एक कोडं!

साल १९५५. पुण्याच्या आकाशवाणी केंद्रावरून 'गीतरामायण' सुरू झालं. ते लिहिणारे ग. दि. माडगूळकर म्हणजे आटपाडी तालुक्यातल्या माडगुळ्याचे. सुधीर फडके पुण्यात गायचे आणि गावोगावची माणसं रेडिओभोवती बसून ऐकायची. मध्ये डोंगर, घाट, नद्या; तार मात्र एकही नाही!

आता आजची गोष्ट. आटपाडीजवळच्या एखाद्या वस्तीवर तुमचं घर आहे असं समजा. घरात इंटरनेट आलंय, राउटरचे हिरवे दिवे लुकलुकतायत. घरापासून सत्तर-ऐंशी पावलांवर डाळिंबाच्या बागेत एक खोली आहे. तिथं ना टीव्हीचा गोंगाट, ना पाहुण्यांची वर्दळ. अभ्यासाला याहून झकास जागा कुठली? पण मोबाइल घेऊन तिथं जावं, तर वाय-फाय गायब! रेडिओच्या लहरी कित्येक कोस जातात आणि या लहरींना अंगणसुद्धा ओलांडता येत नाही. असं का बरं?

अर्ध्या विताची लहर

पहिलं कारण ताकद. आकाशवाणीच्या मोठ्या केंद्रांची ताकद किलोवॉटमध्ये, म्हणजे हजारो वॉटमध्ये मोजतात. घरातला राउटर साधारण एक दशांश वॉटनं बोलतो. शिवाय अंतर दुप्पट झालं की लहरींचा जोर निम्मा नाही, तर पावच उरतो.

दुसरं कारण लहरीची लांबी. मध्यम लहरींवरच्या रेडिओची एकेक लहर शेकडो मीटर लांब असते. ती टेकडीला वळसा घालून पुढं जाते. वाय-फायची नेहमीची लहर जेमतेम १२ सेंटिमीटर, म्हणजे अर्धी वीतभर. दगडमातीची जाड भिंत तिला गिळून टाकते. पत्रा तिला आरशासारखा परत पाठवतो. आणि हिरव्या पानांत पाणी असतं, ते तिला शोषून घेतं. आता बघा, जुन्या धाब्याच्या घराच्या हातभर जाड भिंती, मग डाळिंबाची झाडं आणि शेवटी पत्र्याची खोली. बिचाऱ्या लहरीनं जायचं तरी कुठून?

घरी करून पाहा

ब्लूटूथच्या स्पीकरवर मोबाइलमधलं गाणं लावा. ब्लूटूथच्या लहरी वाय-फायच्याच जातीच्या. आता मोबाइल स्टीलच्या डब्यात ठेवून झाकण घट्ट लावा आणि स्पीकर हळूहळू लांब न्या. गाणं अडखळायला लागेल. पत्र्याच्या खोलीत वाय-फायचं काय होतं, ते चटकन कळेल.

पाणी कसं नेता?

मग उपाय काय? आटपाडीच्या मुलांना तो सांगायलाच नको. हा दुष्काळी भाग. पाण्याचा थेंब न् थेंब जपायचा. विहिरीवर उभं राहून कुणी झाडांवर पाणी भिरकावतं का? नाही! पाइप थेट बागेत नेतात आणि झाडाच्या बुडाशी ठिबक लावतात. टेंभू योजनेनं कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्यानं वर उचलून या तालुक्यापर्यंत आणलं. तेव्हा कुठं इथल्या कित्येक शेतांना ते दिसलं.

इंटरनेटचंही तसंच करायचं. घरापासून खोलीपर्यंत तार न्यायची आणि खोलीत वाय-फायचं 'ठिबक' लावायचं. म्हणजे हवेतला प्रवास उरतो फक्त खोलीच्या आतला, दहा-बारा फुटांचा!

काही जण म्हणतील, "एवढी खटपट कशाला? मधे एक रिपीटर ठेवू." रिपीटर म्हणजे एकाचं ऐकून दुसऱ्याला सांगणारा निरोप्या. साधा रिपीटर एकाच वेळी ऐकू आणि बोलू शकत नाही, म्हणून वेग निम्म्यावर येतो. आणि त्याच्यापाशीच आवाज तुटक पोचला, तर तो तुटकच पुढं सांगणार! तारेत ही भानगड नाही.

तारांना पीळ कशासाठी?

ही तार कापून पाहिली, तर आत आठ बारीक तारा दिसतात, दोन-दोनच्या चार जोड्या. प्रत्येक जोडीला दोरीसारखा पीळ! शोभेसाठी नाही हं. बाहेरच्या मोटारीची, विजेच्या तारांची खरखर आत शिरते ती पिळामुळे दोन्ही तारांवर जवळजवळ सारखीच पडते. पलीकडचं यंत्र दोन तारांमधला फरक तेवढा वाचतं, त्यामुळं खरखर आपोआप वजा होते. ही युक्ती टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेलची. १८८१ सालची!

आणखी एक गंमत. १९७१ मध्ये हवाई बेटांवरच्या विद्यापीठानं बेटाबेटांवरचे संगणक रेडिओलहरींनी जोडले. दोघे एकदम बोलले तर दोघांनी थोडं थांबायचं आणि पुन्हा बोलायचं, असा नियम. त्यावरून सुचून १९७३ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट मेटकाफनं तारेचं 'इथरनेट' मांडलं. पुढं १९९७ मध्ये वाय-फायचे नियम ठरले आणि गाडी पुन्हा हवेत गेली. म्हणजे हवा आणि तार ही सख्खी भावंडंच. आपण त्यांना एकत्र कामाला लावायचं.

चला, कामाला लागू

हे काम मोठ्यांच्या सोबतीनंच करायचं.

१. अंतर मोजा. ही तार १०० मीटरपर्यंत चालते. भिंतीवरची चढ-उतार, वळणं सगळी त्यात धरा.

२. तार बाहेरच्या वापराची, काळ्या आवरणाची घ्या. घरात वापरायची तार आटपाडीच्या उन्हात तडकते. आत शुद्ध तांबं आहे ना, हे विचारा. तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम स्वस्त असतं, पण लवकर मोडतं.

३. दीड-दोन फूट खोल चर खणा आणि तार पाइपमधून न्या. म्हणजे उंदीर कुरतडणार नाहीत, कुदळ लागणार नाही. घरच्या विजेची वायर त्याच पाइपात कधीही घालू नका. ती २३० व्होल्टची असते. जीवाशी खेळ नको!

४. तारेचं एक टोक घरच्या राउटरच्या 'लॅन' खाचेत आणि दुसरं खोलीतल्या 'ॲक्सेस पॉइंट'मध्ये. जुना राउटरही चालतो. मात्र त्यातली 'डीएचसीपी' बंद करा, त्याला वेगळा पत्ता द्या आणि तार त्याच्याही 'लॅन' खाचेतच लावा. डीएचसीपी म्हणजे प्रत्येक मोबाइलला हजेरी क्रमांक देणारे गुरुजी. एका वर्गात दोन गुरुजी क्रमांक वाटायला लागले, तर गोंधळ होणारच!

५. शेतातली वीज पाळीनं येते. अशा वेळी 'पॉवर ओव्हर इथरनेट'ची सोय असलेला ॲक्सेस पॉइंट घेतला, तर त्याला लागणारी वीज त्याच तारेतून घरनं नेता येते. घरी इन्व्हर्टर असेल तर खोलीतलं वाय-फायही चालू राहतं. जुन्या राउटरला मात्र ही वीज परस्पर जोडू नका.

वळवाचा पाऊस आला तर?

हा भाग आई-बाबांनाही वाचून दाखवा. एप्रिल-मे महिन्यात वळीव येतो तो कडकडाट करतच. जवळपास वीज पडली, की लांब तांब्याच्या तारेत विजेचा झटका उमटतो. त्यानं दोन्हीकडची यंत्रं जळू शकतात आणि हात लावणाऱ्याला धोका असतो. म्हणून जाणत्या वायरमनकडून झटका-रोधक आणि चांगलं अर्थिंग करून घ्या. आभाळ भरून आलं की कडकडाट सुरू व्हायच्या आधीच दोन्ही टोकं काढून ठेवा. कडकडाट सुरू झाल्यावर तारेला हात नाही म्हणजे नाही!

अंतर १०० मीटरहून जास्त असेल किंवा विजेची भीती मोठी असेल, तर काचेची तार, म्हणजे ऑप्टिकल फायबर बरी. तिच्यातून प्रकाश धावतो. काच वीज वाहून नेत नाही. खोलीत मात्र विजेची वेगळी सोय लागेल.

एवढा खटाटोप कशासाठी?

२०२० मध्ये कोरोनामुळं शाळांना कुलूप लागलं आणि वर्ग मोबाइलवर भरले. तेव्हा सिंधुदुर्ग जिल्ह्यात पशुवैद्यकाचं शिक्षण घेणाऱ्या एका मुलीला घरी नेटवर्क मिळेना. ते मिळालं डोंगरावर. मग तिथं झोपडी बांधली आणि भर पावसाळ्यात ती त्या झोपडीत बसून शिकली. तिची जिद्द मोठीच. पण अभ्यासासाठी कुणाला डोंगर चढायला लागू नये, हेही तितकंच खरं ना? तुमच्या घरापर्यंत नेट आलं असेल, तर उरलेली सत्तर पावलं तुमच्या हातात आहेत.

तेव्हा येत्या रविवारी वही-पेन्सिल घ्या. राउटरपासून निघा आणि दर दहा पावलांवर मोबाइलवर किती रेघा दिसतात ते लिहा. भिंत कुठं, झाड कुठं, पत्रा कुठं, तेही टिपा आणि आलेख काढा. लहर नेमकी कुठं दमते ते दिसेल. मग तो कागद बाबांपुढं ठेवा आणि म्हणा, "बाबा, चर इथनं खणायचा!"

आणि हो, खोलीत वाय-फाय आलं म्हणून रात्रभर गेम खेळत बसू नका बरं का. ठिबकाचा कॉक बंदही करता येतो, हे आईला चांगलं ठाऊक असतं!